घरातल्या खिडकीची काच फुटली तर काय करायचं, पहिल्या मिनिटापासून नवी काच बसेपर्यंत

काच फुटल्याचा आवाज आला की घरातला प्रत्येक जण एकच गोष्ट करतो, आहे तसा अनवाणी तिकडे पळतो. तेच करायचं नाहीये. आधी जिथे आहात तिथेच थांबा, लहान मुलं असतील तर त्यांना मोठ्याने "जागेवरच थांब, मी येतो" सांगा, चप्पल नाही बूट घाला आणि मग जा. चप्पल का नाही, तर स्लिपरच्या तळातून काच आरामात वर येते आणि बाजूने बोटं उघडीच असतात.

हे सगळं इतकं खोलात लिहायचं कारण सांगतो. मागच्या मे महिन्यात दुपारी चारला वळीव आला, आम्ही नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो, तिसरा मजला, हॉलची स्लायडिंग उघडी होती आणि शेजारच्या बेडरूमची लाकडी खिडकी हुक न लावता तशीच. वाऱ्याने ती एकदा आपटली, दुसऱ्यांदा आपटली आणि तिसऱ्यांदा खळ्ळ. आम्ही सगळं झाडलं, पुसलं, दुसऱ्या दिवशी काच बसवून पण घेतली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आईच्या टाचेत काच गेली. बेडरूममध्ये नाही, स्वयंपाकघरात, ओट्यासमोर! तिथे काच गेली कशी याचा विचार केला तेव्हा कळलं की ज्या फुलझाडूने बेडरूम झाडली त्याच झाडूने संध्याकाळी स्वयंपाकघर झाडलं होतं. झाडू उलटा करून उन्हात धरला तर काड्यांच्या मध्ये बारीक बारीक चमक दिसत होती. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की नवी काच बसवणं हा सोपा भाग, फुटलेली काच घरातून पूर्ण काढणं हाच खरा अवघड भाग, म्हणून या लेखात त्यालाच जास्त जागा दिलीय.

आधी माणसं बघा

कुणाला लागलंय का ते पहिलं. छोटा कट असेल तर वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, पाच-दहा मिनिटं सारखं उघडून बघू नका. पण काच आत रुतलेली असेल आणि मोठी किंवा खोल असेल तर ती उपटायची नाही, कारण कधीकधी तीच काच रक्त अडवून बसलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंनी कापड दाबून धरा आणि सरळ दवाखान्यात न्या, रक्त थांबत नसेल तर १०८ ला फोन. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसंच सांगा, ते ठरवतील.

खाली रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये काच पडली असेल तर कुणीतरी एकाने लगेच खाली जाऊन लोकांना बाजूला करा, गाड्या तिथून काढू देऊ नका. वरून अजून तुकडे पडू शकतात, म्हणून खाली गेलेल्या माणसाने खिडकीच्या सरळ खाली उभं राहू नये.

आणि काच पोरांच्या चेंडूने फुटली असेल तर कृपा करून खिडकीतून आरडाओरडा करू नका. मुलं आधीच घाबरलेली असतात, घाईघाईत तुकडे उचलायला धावतात आणि हात कापून घेतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शांतपणे सांगा, "बाळांनो कुणी काचेला हात लावू नका, मी खाली येतोय." चेंडू परत द्यायचाच, पण आधी नीट बघा, टेनिस बॉलच्या लोकरीसारख्या कापडात काचेचे कण रुतून बसतात आणि पुढचा कॅच घेणाऱ्याच्या तळहातात जातात. शंका असेल तर तो चेंडू टाकून द्या आणि तीस-चाळीस रुपयांचा नवा आणून द्या. पैशांचं बोलणं संध्याकाळी आईवडिलांशी शांतपणे होतं, आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे-निम्मे असा रिवाज पडलाय आणि कुणाचंच त्यावरून वाकडं आलेलं नाही.

फोटो काढा, मग हात लावा

दोन मिनिटं लागतात. लांबून एक, जवळून एक, आणि फ्रेमचा एक. भाड्याने राहत असाल तर घरमालकांना लगेच व्हॉट्सॲपवर पाठवा, नंतर "आधीपासूनच तडा होता" की "तुम्हीच फोडली" असा वाद होत नाही. स्वतःच्या फ्लॅटची काच म्हणजे बहुतेक सोसायट्यांमध्ये आपलाच खर्च, पण बाहेरून सोसायटीचं काही काम चालू असताना फुटली असेल तर सेक्रेटरींना त्याच दिवशी लेखी कळवा.

गारपीट किंवा वादळात एकदम चार-पाच काचा गेल्या तर फोटोंची किंमत अजून वाढते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही, द्राक्षबागा आडव्या झाल्या होत्या. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची ठराविक पॉलिसी मिळते, त्यात आग, वादळ, पूर अशा गोष्टी येतात. एका काचेसाठी क्लेमच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नसतो पण जास्त नुकसान असेल तर आधी कंपनीला कळवा आणि मगच आवराआवर करा.

काच गोळा करायची पद्धत

आधी पंखा बंद. उडणारे पडदे वर बांधून ठेवा, पण झटकू नका, त्यांच्या घड्यांत काच असते. कुत्रं-मांजर दुसऱ्या खोलीत. हातमोजे भांडी घासायचे रबरी नाही चालत, जाड कापडी किंवा चामड्याचे घ्या, हार्डवेअरच्या दुकानात बांधकामवाले वापरतात ते मिळतात.

फ्रेममध्ये लटकणारे तुकडे आधी काढायचे, खाली पडलेले नंतर. नाहीतर तुम्ही खाली वाकलेले आणि वरून सुरीसारखा तुकडा मानेवर, हे सगळ्यात धोक्याचं. तडा गेलेली काच अजून जागेवर असेल तर तिच्यावर दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी आडवी-उभी भरपूर लावा, ब्राऊन पॅकिंगवाली चालते, म्हणजे काढताना ती एकसंध राहते. सैल तुकडे वरून सुरू करून खाली या, एकेक तुकडा हलवत हलवत आपल्याकडे ओढा, बाहेर ढकलू नका. जो हलत नाही त्याच्याशी कुस्ती खेळू नका, तो कारागिरासाठी ठेवा आणि टेपने झाका.

खालचे मोठे तुकडे हाताने उचलून वर्तमानपत्राच्या जाड थरात ठेवा. मग मधले तुकडे खराट्याने किंवा जुन्या टाकाऊ झाडूने सुपलीत घ्या, आणि तो झाडू त्याच दिवशी टाकून द्या. चांगला फुलझाडू या कामाला बाहेरच काढू नका. व्हॅक्युम क्लीनर असेल तर फक्त बारीक चुऱ्यासाठी वापरा, मोठे तुकडे पाईप आणि पिशवी फाडतात.

आता राहिले डोळ्याला न दिसणारे कण. यासाठी कणकेचा गोळा घ्या, पोळीला मळतो त्यापेक्षा किंचित सैल, आणि फरशीवर हलक्या हाताने टिपत टिपत पुढे जा, दाबून फिरवायचा नाही आणि हातात मोजे हवेतच. फरशीच्या सांध्यातले, स्कर्टिंगच्या कडेचे कण कणीक जशी उचलते तसं दुसरं काहीच उचलत नाही. नंतर ओल्या पेपरने पुसून घ्या, ओलं फडकं नको कारण फडकं तुम्ही धुणार, पिळणार आणि तेच हातात घुसणार. कणीक, पेपर सगळं काचेबरोबरच टाकायचं, ती कणीक गायीला किंवा पाखरांना अजिबात घालू नका.

मग लाईट बंद करा, मोबाईलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. वरून उजेड मारला तर काही दिसत नाही, पण आडव्या उजेडात प्रत्येक कण ठिणगीसारखा चमकतो. पहिल्यांदा केलं तेव्हा आम्ही "झालं सगळं" म्हणून उठलेलो आणि टॉर्च लावल्यावर कपाटाच्या पायाशी, पायपुसण्यात, चार्जरच्या वायरजवळ अजून सतरा-अठरा कण निघाले. काच खिडकीपासून बरीच लांब उडते, दहा-बारा फूट सहज, त्यामुळे खोलीचा दुसरा कोपरा पण बघायचा. गादीवर पडलेली असेल तर चादर चारी टोकं आत घेऊन गाठोडं करून उचला, बाहेर नेऊन उलटी करा, मशीनमध्ये मात्र टाकू नका.

घंटागाडीत टाकताना

हे मला फार मनापासून सांगायचंय. आपल्याकडे रोज सकाळी घंटागाडी येते, त्यावरचे दादा आणि ताई आपल्या पिशव्या हातानेच ओढतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत काच भरून गाठ मारून दिली की ती त्यांच्या तळहातात किंवा मांडीत घुसते. त्यामुळे काच वर्तमानपत्रात सात-आठ घड्यांत गुंडाळायची, मग खोक्यात भरून चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर मार्करने मोठ्या अक्षरात 'काच' लिहायचं आणि कोरड्या कचऱ्यात नुसतं ठेवून न देता हातात देताना तोंडाने सांगायचं, "दादा, यात काच आहे, वेगळी ठेवा." मोठे तुकडे असतील तर खोकं सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घाला. ओल्या कचऱ्यात तर कधीच नाही, तो पाथर्डीच्या खत प्रकल्पावर जातो आणि तिथे खतात काच म्हणजे शेतकऱ्याच्या हातात काच.

बाटल्यांच्या भंगारात खिडकीची काच मिसळू नका, दोन्ही वेगळ्या प्रकारची असते. काच कारागीर बदलणार असेल तर आधीच विचारा, बरेच जण जुनी काच घेऊन जातात.

आजची रात्र काढायची

दुकान बंद झालंय, कारागीर उद्या येणार, आणि बाहेर एकतर पाऊस किंवा डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून येणारा तो गारठा. खोक्याचा पुठ्ठा पहिल्या सरीतच लगदा होतो, म्हणून त्यावर विसंबू नका. आपल्या जिल्ह्यात याला फार चांगला उपाय आहे, शेततळ्याचा कागद. ५०० मायक्रॉनचा जाड काळा प्लॅस्टिकचा, कुणा ना कुणा नातेवाइकाकडे पिंपळगाव, दिंडोरी, सिन्नरला त्याचा उरलेला तुकडा पडलेला असतोच, आमच्याकडे मामांनी दिलेला एक तुकडा कायम माळ्यावर असतो. तो फ्रेमपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठा कापा, लाकडी चौकट असेल तर वर पातळ पट्ट्या ठेवून छोट्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोका, ॲल्युमिनियम असेल तर फ्रेम आधी कोरडी पुसून रुंद टेपने चिकटवा. शेतात वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंग पेपर वापरू नका, तो फार पातळ असतो, वाऱ्यात फडफडत फाटतो.

तळमजला असेल आणि ग्रिल नसेल तर मात्र प्लॅस्टिक पुरणार नाही, प्लायचा तुकडा आतून स्क्रूने मारा आणि त्या खोलीचं दार रात्री बाहेरून लावून घ्या.

कुठली काच होती ते ओळखा

दुकानात जायच्या आधी हे कळलं पाहिजे, नाहीतर समोरचा जे देईल ते घेऊन याल.

लांब, टोकदार, सुरीसारखे तुकडे झाले तर ती साधी काच. सगळी काच फुटाण्यासारख्या छोट्या छोट्या चौकोनी दाण्यांत विखुरली तर ती टफन. कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली पण जागेवर चिकटून राहिली तर लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. टफन काच म्हणजे साधीच काच ६०० अंशाच्या वर तापवून एकदम हवेने गार केलेली, त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदवान होते, पण एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, भोक पण पाडता येत नाही. म्हणून ती आधी मापाने कापून, मग टफन करून यावी लागते आणि त्याला काही दिवस जातात. साधी काच तासाभरात हातात मिळते. टफन काचेच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा छोटा शिक्का असतो, तुकड्यांत तो सापडला तर जपून ठेवा.

माझं मत विचाराल तर जमिनीपासून तीन फुटांच्या आत काच येत असेल, बाल्कनीचं स्लायडिंग दार असेल, बाथरूम असेल किंवा घरात लहान मूल, म्हातारं माणूस असेल, तर तिथे फुटलेली साधी काच परत साधीच बसवू नका, टफन घ्या. पैसे जास्त जातात, दोन-चार दिवस वाट बघावी लागते, पण पडलेल्या माणसाच्या अंगात सुरी जाण्यापेक्षा दाणे पडलेले परवडतात.

काही न आपटता काच तडकली असेल तर तेही समजून घ्या. काळी किंवा तपकिरी टिंटेड काच एप्रिलच्या उन्हात खूप तापते, तिच्या अर्ध्या भागावर छज्ज्याची सावली असेल तर एकच काच एकीकडे फुगते आणि दुसरीकडे गार राहते, आणि कड कुठे टवका उडालेली असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. असा तडा कडेपासून काटकोनात निघतो. अशा खिडकीला नवी काच घेताना कडा घासून द्यायला सांगा आणि आतून गडद फिल्म चिकटवू नका.

माप घेणं

इथे घाई केली की पैसे वाया, कारण कापलेली काच कुणी परत घेत नाही.

लाकडी चौकट असेल तर जुनी लांबी (काच पक्की करायला कडेने भरतात तो लेप), चुका, काचेचे बारीक तुकडे सगळं काढून खाच पूर्ण साफ करा, त्यानंतरच मोजायचा टेप लावा. काच ज्या खाचेत बसते त्या खाचेचं माप घ्यायचं, दिसणाऱ्या उघड्या भागाचं नाही. रुंदी तीन ठिकाणी, वर मध्ये खाली. उंची पण तीन ठिकाणी. प्रत्येकातलं सगळ्यात छोटं माप धरा आणि त्यातून एक सूत कमी करा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ एमएम. लाकूड पावसाळ्यात फुगतं, काचेला तेवढी जागा लागते. मग दोन्ही कर्ण मोजा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दोन्ही सारखे आले तर चौकट गुण्यात आहे, नाहीतर चौकट तिरकी झालीय. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या खिडक्या हमखास तिरक्या असतात, अशा वेळी पुठ्ठा कापून खाचेत बसवून बघा आणि तोच पुठ्ठा दुकानात न्या.

लिहिताना 'रुंदी २४ इंच, उंची ३६ इंच' असं शब्दांत लिहा. नुसतं २४ बाय ३६ लिहिलं की डिझाईनच्या काचेत रेषा आडव्या येणार की उभ्या यावरून घोळ होतो.

जाडीसाठी जुन्या काचेचा एक छोटा तुकडा पेपरात गुंडाळून न्या. ॲल्युमिनियमच्या खाचेत ठराविक जाडीच बसते, रबर त्याच मापाचं असतं, त्यामुळे ४ एमएमच्या जागी ५ आणून "थोडी मजबूत होईल" हा विचार चालत नाही. रंग मिळवायला पण तुकडा लागतोच, टिंटच्या छटा खूप असतात आणि फोटोवरून कळत नाहीत. बाथरूमची दुधी किंवा नक्षीची असेल तरी तेच.

ॲल्युमिनियम स्लायडिंगचं माप तर मी म्हणतो घेऊच नका, शटरच, म्हणजे काचेसकट सरकणारं अख्खं पानच, काढून दुकानात न्या. आतल्या बाजूचं शटर आधी निघतं. दोन्ही हातांनी सरळ वर उचला, ते वरच्या ट्रॅकमध्ये अर्धा-पाऊण इंच वर जातं, मग खालची कड आपल्याकडे ओढा आणि खाली उतरवा. पण हे फक्त काचेला टेप मारलेला असेल, बाहेर ग्रिल असेल आणि मदतीला दुसरा माणूस असेल तरच. जड लागलं किंवा अडकलं तर जबरदस्ती नको, कारागीर घरी येऊन काढतो. ग्रिल नसलेल्या वरच्या मजल्यावर, किंवा बाहेरून बसवलेल्या फिक्स काचेला स्वतः हात घालूच नका, या बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

दुकानात

काच स्क्वेअर फुटावर विकतात. २४ इंच गुणिले ३६ इंच म्हणजे ८६४, त्याला १४४ ने भागा, ६ स्क्वेअर फूट. अधलंमधलं माप असेल तर बरेच दुकानदार पुढच्या ठराविक मापापर्यंत वाढवून बिल करतात, कारण राहिलेली पट्टी वाया जाते, ती फसवणूक नाही, पण आधी विचारून घ्या. भाव विचारताना एकदम सगळं विचारा: किती एमएम, साधी की टफन, फिटिंग धरून की वेगळं, रबर नवीन घालणार का, घरी यायचे किती, जुनी काच नेणार का, बिल देणार का. नवीन माणूस नुसता "काच केवढ्याला" विचारतो आणि मग फिटिंगच्या वेळी आकडा दुप्पट होतो. दोन दुकानांत विचारा, सिडको-अंबडकडे ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत, आणि आपल्या एरियातल्या ग्लास-प्लायवूडवाल्याकडे कारागिराचा नंबर असतोच.

काच कापताना बघायला मिळालं तर नक्की थांबा. आमच्या दुकानातले काका टेबलावर जुनी सतरंजी अंथरतात, कटरचं चाक रॉकेलच्या डबीत बुडवतात, पट्टी धरतात आणि एकदाच, फक्त एकदाच, वरपासून खालपर्यंत कटर ओढतात, कर्रर असा एकसारखा आवाज येतो. मग काच टेबलाच्या कडेपाशी सरकवतात आणि हलक्या हाताने खाली दाबली की टक् करून सरळ रेषेत वेगळी. मी विचारलं, "काका, दुसऱ्यांदा का नाही फिरवत?" तर म्हणाले, "त्याच रेघेवर परत कटर फिरवला की चाक पण जातं आणि काच पण वाकडी फुटते." त्यांना निघताना सांगा की कडा घासून द्या, दगडी कांड्याने दोन मिनिटांत होतं आणि उचलताना हात कापत नाही.

नेताना टू-व्हीलरवर मागच्या माणसाच्या मांडीवर काच ठेवून नेऊ नका, द्वारकेच्या सिग्नलला एक ब्रेक लागला तर काय होईल विचार करा. वजन पण कमी नसतं, ती ६ स्क्वेअर फुटांची ५ एमएम काच जवळपास ७ किलो भरते. रिक्षा करा, काच उभीच ठेवा, आडवी कधीच नाही, आडवी काच स्वतःच्या वजनाने मोडते. घरी आणल्यावर पण खाली गोणपाट टाकून भिंतीला किंचित तिरकी टेकवा.

बसवणं

ॲल्युमिनियमचं काम कारागिरालाच करू द्या. तो शटरच्या कोपऱ्यातले स्क्रू काढतो, काचेला चारी बाजूंनी रबर चढवतो आणि पट्ट्या रबरी हातोडीने ठोकून परत बसवतो. तुम्ही फक्त दोन गोष्टी बघा, रबर कोपऱ्यात तुटक नको, आणि शटर बाहेर असतानाच खालची बेअरिंग बदलायची का ते विचारा, परत उघडायचे पैसे वाचतात. शटर निघालेलं असताना ट्रॅक जुन्या ब्रशने साफ करा, आणि खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी जायची छोटी भोकं असतात ती सुईने मोकळी करा, पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत येतं त्याचं निम्मं कारण ही बुजलेली भोकं.

तळमजल्याच्या लाकडी खिडकीची छोटी काच मात्र तुम्ही स्वतः बसवू शकता. जुनी लांबी पटाशीने हळूहळू काढा, फारच कडक असेल तर हेअर ड्रायरने गरम केली की मऊ पडते. चुका पकडीने ओढून घ्या. खाचेला जवसाच्या तेलाचा किंवा ऑइल प्रायमरचा हात द्या, कोरडं लाकूड नव्या लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि मग ती तडकते. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, हातात मळून मऊ करा, खाचेत पातळ थर लावा, त्यावर काच ठेवा आणि कडांवर दाबा, मधोमध कधीच दाबू नका. मग सहा-आठ इंचांवर एकेक चूक, काचेला समांतर, हातोडी काचेवरून सरकवत ठोका, उचलून मारायची नाही. वरून पुन्हा लांबी आणि पटाशीने तिरका उतार द्या, म्हणजे पाणी बाहेर घरंगळतं. लाकडी पट्टी बसवायची असेल तर तिच्यामागे पण लांबीचा थर हवाच. रंग लगेच नाही, आठ-पंधरा दिवसांनी वर साय धरली की द्या, आणि ब्रश काचेवर दोन एमएम येऊ द्या, नाहीतर तिथूनच पाणी शिरतं.

सिलिकॉन वापरत असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूच्या फ्रेमला नको, न्यूट्रल मागा. २४ तास खिडकी उघड-बंद करू नका, आणि साध्या सिलिकॉनवर रंग चिकटत नाही हे आधीच लक्षात घ्या.

लाकडी खिडक्यांचे हुक त्याच दिवशी तपासा, सैल असतील तर बदला, आमची काच तर एका हुकामुळे गेली होती. पहिल्या पावसात आतल्या कडेवरून बोट फिरवून ओल आहे का बघा, असेल तर कारागिराला आठवड्याच्या आत बोलवा. आणि काच फुटलेल्या खोलीत तिसऱ्या दिवशी परत एकदा लाईट बंद करून टॉर्च आडवा फिरवा, पलंग सरकवून, पायपुसणं उचलून, आणि त्या खोलीतून ज्या खोलीत आपण चालत जातो तिथे पण, विशेषतः ओट्यासमोर.